सरबत आणि शराब : एकाच घरची दोन नावे

मगरिबची अजान होते, खजूर तोंडात जाते आणि मग हात वळतो तो सरबताच्या पेल्याकडे. दिवसभराच्या रोजानंतरचा तो गार घोट! गंमत म्हणजे 'सरबत' या शब्दाचा मूळ अर्थही घोटच आहे.

अरबीत श-र-ब ही तीन अक्षरे पिण्याची. 'शरिबा' म्हणजे तो प्याला. 'शरबा' म्हणजे एका वेळचे पिणे, घोट. फारसीत त्याचे 'शरबत' झाले. मराठीने 'श'चा 'स' केला आणि शब्द इतका आपलासा केला, की लिंबू पिळताना अरबस्तान कुणाला आठवत नाही.

याच तीन अक्षरांतून 'शराब' आला आणि इथे अनेकांची फसगत होते. उर्दू-हिंदीत शराब म्हणजे दारू. अरबीत मात्र मुळात पिण्याची कोणतीही वस्तू. कुरआनातील सोळाव्या सूरेचे नाव 'नहल', म्हणजे मधमाशी. तिच्या 69 व्या आयतीत मधमाशीच्या पोटातून निघणाऱ्या, निरनिराळ्या रंगांच्या 'शराब'चा उल्लेख आहे आणि त्यात माणसांसाठी शिफा, म्हणजे आरोग्य, असल्याचे सांगितले आहे. हा मध! मनाई आहे ती 'खम्र'ला. तो शब्दच वेगळा. उर्दूच्या कानाने ही आयत ऐकणारा क्षणभर दचकतो, आणि अर्धा शब्द उचलून वाद घालणाऱ्याचीही सोय होते. शब्दकोश उघडायला तेवढाच वेळ लागला असता.

मध आणि शिफा यांचे नाते हकिमांनी जपले. युनानी वैद्यकात शरबत हा औषधाचाच एक प्रकार. दिल्लीत 1906 साली हकीम अब्दुल मजीद यांनी 'हमदर्द' दवाखाना सुरू केला. 'रूह अफजा' तिथलेच. नावाचा अर्थ, आत्म्याला तरतरी देणारे. खोकल्यावर डॉक्टर देतात ते 'सिरप'सुद्धा याच अरबी 'शराब'चे, लॅटिनमार्गे युरोप फिरून आलेले रूप. आइस्क्रीमच्या दुकानातले 'सॉर्बे' तुर्की आणि इटालियनमार्गे आले.

याच कुळातला उर्दूतला एक देखणा शब्द म्हणजे 'मशरब'. मूळ अर्थ पाणवठा. पुढे तो माणसाच्या वृत्तीसाठी, पंथासाठी वापरला जाऊ लागला. कोण कुठल्या पाणवठ्यावर पितो, त्यावरून त्याची ओळख.

कोकणात इफ्तारला पुष्कळदा कोकम सरबत असते. त्यातले कोकम मागच्या परसातले, सरबत अरबस्तानचे. पेला मात्र एकच.