नेम चुकला, की दस्त्याची बैठक चुकली?

या सदरात आपण गटाच्या हिशोबवहीबद्दल बोललो, शिलाई मशीनच्या देखभालीबद्दल बोललो. आजचा विषय जरा वेगळा आहे. आज आपण रायफलीबद्दल बोलणार आहोत. दचकू नका. ही शिकारीची किंवा भांडणाची बंदूक नाही, खेळातली रायफल आहे.

कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर रायफल प्रकारात जागतिक विजेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारातच कांस्यपदक मिळवलं. अशा बातम्या घरोघरी पोहोचल्या आणि आमच्या गावातल्या दोन मुलीही तालुक्याच्या ठिकाणी सरावाला जाऊ लागल्या. त्यातल्या एकीची आई आमच्याच गटातली. तिच्यामुळे आम्हाला जे शिकायला मिळालं, ते आज तुम्हाला सांगतो.

झालं असं. सराव केंद्रातल्या रायफलीचा लाकडी भाग, म्हणजे दस्ता, त्या मुलीला लांब पडत होता. मान ताणून नेम धरावा लागे. केंद्राच्या सरांनी सुचवलं की वेगळा विकत मिळणारा, लांबी कमी-जास्त करता येणारा दस्ता बसवून घेऊ. निम्मे पैसे केंद्राने घातले, उरलेल्यासाठी आमच्या गटाने ताईंना उचल दिली. दस्ता आला, बसवला, दिसायला झकास दिसत होता. आणि मुलीच्या गोळ्या विखुरल्या. आधी सगळी भोकं एका झुबक्यात पडायची, आता एक डावीकडे, एक वर, एक भलतीकडेच.

पहिला बोल कुणाला लागला असेल, ते तुम्ही ओळखलंच असेल. पोरीला. "लक्ष नाही हिचं." "दहावीचं वर्ष, डोकं दुसरीकडे आहे." गटाच्या बैठकीतही कुजबुज झाली की उचल वाया गेली. खरं सांगायचं तर आमच्यापैकी काहीजणींनीही तसंच म्हटलं. मुलगी गप्प झाली आणि एके दिवशी आईला म्हणाली, मला नाही जायचं आता.

तेव्हा सरांनी एक साधी गोष्ट केली. तीच रायफल एका जुन्याजाणत्या नेमबाजाच्या हातात दिली. त्याच्याही गोळ्या विखुरल्या. मग त्याची रायफल मुलीच्या हातात दिली. दस्ता तिच्या मापाचा नव्हता, तरी भोकं जवळजवळ पडली. दोष पोरीत नव्हता, दस्त्याच्या बैठकीत होता.

बैठक म्हणजे काय?

रायफलीचे ढोबळमानाने दोन भाग असतात. एक लोखंडी आणि एक धरायचा. लोखंडी भागात पुढे लांब नळी असते आणि मागे पोलादाचा एक ठोकळा असतो. त्यात काडतूस जातं, बोल्ट बंद होतो आणि खालून चाप असतो. या ठोकळ्याला नेमबाज 'ॲक्शन' म्हणतात. धरायचा भाग म्हणजे दस्ता. तो लाकडाचा, लाकडाच्या पट्ट्या चिकटवून केलेला किंवा ॲल्युमिनियमचा असतो. दस्त्यात खाच कोरलेली असते. त्या खाचेत ॲक्शन बसते आणि खालून स्क्रू आवळून धरली जाते. बहुतेक रायफलींना असे दोन स्क्रू असतात, एक पुढे आणि एक मागे.

आता आपल्या घरातलाच दाखला घेऊ. एक पाय आखूड असलेला पाट डुगडुगतो. तो आपण चार खिळे मारून जमिनीला ठोकला, तर डुगडुगणं थांबेल. पण पाट सरळ झाला का? नाही. तो वाकलेल्या अवस्थेत जखडला गेला. ॲक्शनचंही असंच होतं. खाच उंचसखल असेल आणि आपण स्क्रू जोरात आवळले, तर पोलादसुद्धा केसभर वाकतं. वरून बघणाऱ्याला सगळं घट्ट दिसतं, पण आत ताण असतो. प्रत्येक गोळीला रायफल हादरते, आणि ताणातला भाग दर वेळी त्याच जागी परत बसेलच असं नाही.

केसभर वाकल्याने एवढं काय बिघडतं? हिशोब करून बघू. ५० मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटर रुंद असतं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. नळी साधारण ६५ सेंटिमीटर लांब धरा. नेमाच्या रेषेपासून नळीचं तोंड ०.१ मिलिमीटर, म्हणजे वहीच्या एका कागदाच्या जाडीएवढं ढळलं, तर ५० मीटरवर गोळी जवळजवळ ८ मिलिमीटर सरकते. दहाच्या वर्तुळाच्या मध्यापासून कडेपर्यंतचं अंतरच ५.२ मिलिमीटर. एका कागदाची जाडी, आणि पोरीच्या वर्षभराच्या मेहनतीचे गुण गेले.

आमच्या रायफलीत काय निघालं?

सरांनी रायफल परवाना असलेल्या बंदूक कारागिराकडे नेली. त्यांनी चार दोष दाखवले.

पहिला दोष असा की खाच मागच्या बाजूला थोडी खोल होती. मागचा स्क्रू आवळला की ॲक्शनची शेपटी खाली ओढली जायची. कारागिराने पुढचा स्क्रू आवळलेला ठेवला, नळी आणि दस्ता जिथे शेजारी येतात तिथे बोट टेकवलं आणि मागचा स्क्रू सैल केला. लोखंड हललेलं बोटाला कळलं. नीट बसलेली ॲक्शन अशी हलत नाही.

दुसरा दोष म्हणजे नळी दस्त्याच्या पुढच्या भागाला डावीकडे टेकत होती. गोळी सुटताना नळी थरथरते. तिला मोकळं थरथरू दिलं तर ती दर वेळी सारखीच थरथरते. एका बाजूने लाकूड टेकलं, की खेळाडूच्या हाताचा दाब आणि हवेतला दमटपणा यांप्रमाणे ती थरथर बदलते. म्हणून बहुतेक स्पर्धेच्या रायफलींमध्ये ॲक्शनच्या पुढे नळी दस्त्यापासून मोकळी ठेवतात.

तिसरा दोष लाकडातला. स्क्रू जिथून जातात तिथलं लाकूड दाबलं गेलं होतं. लाकूड दाबलं की स्क्रू सैल पडतो, म्हणून तो पुन्हा आवळायचा, की लाकूड आणखी दाबतं. खुरप्याच्या मुठीत पाचर मारत राहिलं की शेवटी मूठच चिरते, तसंच हे.

चौथा दोष सर्वांत काळजीचा होता. नव्या दस्त्याची जाडी वेगळी असल्याने जुना पुढचा स्क्रू आत जास्त पुढे येत होता आणि बोल्टला घासत होता. हा केवळ गुणांचा नाही, सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

काजळीने दाखवलेली चूक

दुरुस्तीची पद्धत पाहून आम्हाला नवल वाटलं. कारागिरांनी ॲक्शनच्या खालच्या बाजूला दिव्याची काजळी लावली आणि ती अलगद खाचेत ठेवून उचलली. लाकूड जिथे उंच होतं तिथे काळा डाग उमटला. तेवढाच डाग धारदार पटाशीने खरवडला. पुन्हा काजळी, पुन्हा डाग, पुन्हा खरवडणं. डाग दोन-चार ठिकाणी न पडता बैठकीच्या सगळ्या भागावर सारखे पडू लागेपर्यंत त्यांनी हे काम चालू ठेवलं. काजळीऐवजी खास रंगही वापरतात, पण तत्त्व एकच. अंदाजाने तासायचं नाही, लोखंडानेच लाकडाला सांगायचं की कुठे लागतंय.

मग स्क्रूच्या भोकांत ॲल्युमिनियमच्या जाड नळकांड्या बसवल्या. आता स्क्रूचा दाब लाकडावर न पडता धातूवर पडतो. त्यानंतर खाचेत इपॉक्सी नावाच्या घट्ट होणाऱ्या राळेचा पातळ थर दिला. ॲक्शनला आधी मेण चोळलं, नाहीतर ती कायमची चिकटून बसली असती. ॲक्शन राळेत ठेवताना स्क्रू मुळीच जोरात आवळले नाहीत, कारण त्या वेळी ताण दिला तर तोच ताण राळेत गोठून राहतो. राळ पूर्ण सुकल्यावर ॲक्शन काढली, तेव्हा तिचा हुबेहूब साचा तयार झाला होता. लाडूच्या साच्यासारखा म्हणा ना.

नळीभोवतीचं लाकूड घासून मोकळं केलं. पुढचा स्क्रू योग्य लांबीचा घातला. शेवटी दोन्ही स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळले, ट्रॅक्टरच्या चाकाचे नट आवळतात तसे. त्यासाठी ठरावीक जोराला थांबणारा पाना वापरला. किती जोर लावायचा ते रायफल बनवणाऱ्याच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. हाताच्या अंदाजावर सोडलं, तर आज एक जोर आणि उद्या दुसरा.

आपण काय बघू शकतो?

एक गोष्ट आधीच स्पष्ट करू. आपल्या देशात १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदुकीच्या दुरुस्तीलाही परवाना लागतो. त्यामुळे घरी पटाशी घेऊन बसायचं नाही, गावातल्या सुताराकडेही द्यायचं नाही. पण बघणं आणि विचारणं आपल्या हातात आहे. केंद्रात, सरांच्या समोर, रायफल रिकामी असल्याची त्यांनी खात्री करून दाखवल्यावर या गोष्टी तपासा:

• कागदाची एक पट्टी नळी आणि दस्त्याच्या मध्ये सरकवून बघा. नळी मोकळी ठेवलेली असेल, तर पट्टी पुढच्या टोकापासून ॲक्शनजवळपर्यंत न अडकता सरकायला हवी.

• बोल्ट उघड-बंद करायला लावा. तो कुठे अडतो किंवा घासतो का? बोल्टची मूठ किंवा चाप दस्त्याला टेकत तर नाही ना? सुरक्षा खटका नीट चालतो का?

• स्क्रू कोणत्या पान्याने आणि किती जोराने आवळले, ते विचारा आणि वहीत लिहून ठेवायला सांगा.

• स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या भागावर नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढून ठेवायला सांगा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला असं समजावं.

• दस्ता लाकडाचा असेल तर पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि शेवटी पुन्हा तपासून घ्या. दमट हवेत लाकूड फुगतं आणि मोकळी असलेली नळी पुन्हा टेकू लागते.

• गोळ्या अचानक विखुरल्या, तर तीच रायफल दुसऱ्या चांगल्या नेमबाजाला देऊन बघायला सांगा. दोष माणसाचा की वस्तूचा, हे ठरवायचा याहून सोपा उपाय नाही.

नवा दस्ता घेण्याआधी आणखी एक विचारा. तो त्याच रायफलीच्या, त्याच नमुन्याच्या ॲक्शनसाठी कोरलेला आहे का? "सगळ्यांना बसतो" असं कुणी म्हटलं, तर बसवण्याचा खर्च वेगळा धरा. आम्ही दस्त्याचे पैसे मोजले, पण बसवण्याचे मोजले नाहीत. आमची चूक तिथेच झाली. एखादी वस्तू विकत घेण्याची उचल देताना ती चालू करून घेण्याचा खर्चही त्यात धरायचा, असा ठराव आता आमच्या गटाच्या वहीत आहे.

त्या मुलीचं पुढे काय झालं, हे तुम्ही विचाराल. तिने अजून पदक आणलेलं नाही. पण दुरुस्तीनंतरच्या पहिल्याच दिवशी तिची भोकं पुन्हा एका झुबक्यात पडली. तो कागद तिने आईला आणून दाखवला आणि ताईंनी तो गटाच्या बैठकीत आणला. ज्या आम्ही कुजबुजलो होतो, त्यांनी तो हातात घेऊन पाहिला. कुणी फार काही बोललं नाही. एकीने एवढंच विचारलं, "उद्या सरावाला जाताना डब्यात काय देणार आहेस?"

मैत्रिणींनो, पोरगी सायकल शिकताना पडली, मशीनवर शिवण वाकडी आली, परीक्षेत अक्षर बिघडलं, तर बोल लावण्याआधी सायकलचं चाक, मशीनची सुई आणि चष्म्याचा नंबर एकदा बघा. रायफलीच्या दस्त्याने आम्हाला एवढं शिकवलं. पुन्हा भेटू. नमस्कार.