मोठे काम : वेग हवा, घाई नको



आपल्या कारखान्याची गाळपक्षमता दररोज २,५०० टनांवरून ५,००० टनांवर न्यावी आणि सोबत बगॅसवर चालणारा वीजप्रकल्प उभारावा, असा विषय येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे येत आहे. पारावर, सोसायटीच्या ओट्यावर, वजनकाट्याच्या रांगेत सध्या त्याचीच चर्चा आहे. कोणी म्हणतो, "शेजारच्यांनी केलं, आपण कधी करायचं?" दुसरा म्हणतो, "ऋण काढून सण कशाला?" दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. योजना करावी की करू नये हे सांगण्यासाठी हा लेख नाही. तो अधिकार सभेचा आहे. मोठी कामे कशामुळे तडीस जातात आणि कशामुळे फसतात, हे आपल्याच महाराष्ट्रातल्या दोन उदाहरणांवरून पाहावे, म्हणजे हात वर करताना आपण कशाला संमती देतो ते प्रत्येकाला कळेल, एवढाच हेतू.

पानशेत : घाईचे फळ

१२ जुलै १९६१ चा दिवस जुन्या माणसांच्या अजून लक्षात आहे. त्या सकाळी पुण्याच्या वरच्या अंगाला आंबी नदीवरचे पानशेतचे मातीचे धरण फुटले. त्या लोंढ्याने खालचे इंग्रजांच्या काळातले खडकवासल्याचे दगडी धरणही फोडले आणि पाणी पुणे शहरात घुसले. नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या, हजारो कुटुंबे उघड्यावर आली. शहराला पाणी पाजणारे धरणच गेल्यामुळे, पुरातून वाचलेल्या पुण्याला पुढे प्यायच्या पाण्याचे हाल सोसावे लागले.

हे केवळ पावसामुळे झाले असे म्हणून चालणार नाही. पाऊस दरसाल येतोच. धरणाचे काम १९६२ मध्ये पुरे व्हायचे होते, पण १९६१ च्याच पावसाळ्यात पाणी अडवायचे ठरले. धरणाच्या पोटातून पाणी बाहेर सोडण्यासाठी जी मोरी असते, तिच्या झडपांचे काम तेव्हा पुरते झालेले नव्हते. त्या काळी पोलादाची टंचाई होती. मोरीची कमान लोखंडी सळयांशिवाय, नुसत्या काँक्रीटच्या ठोकळ्यांची केलेली होती. अर्धवट झडपांतून पाणी धडका देत सुटले, मोरी खिळखिळी झाली, वरची माती खचू लागली आणि धरणाचा माथा खाली बसला. आदल्या रात्री लष्कराच्या जवानांनी भर पावसात वाळूची पोती रचून धरण सकाळपर्यंत तगवून धरले. तेच धरण रात्री फुटते तर झोपेतच किती माणसे गेली असती, याची कल्पना करवत नाही.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पोलाद कमी आहे हे माहीत होते. झडपा अपुऱ्या आहेत हेही माहीत होते. कामावरच्या माणसांना माहीत असलेली गोष्ट तारीख ठरवणाऱ्यांच्या निर्णयात उतरली नाही. एक हंगाम आधी पाणी मिळावे ही इच्छा काही वाईट नव्हती. पण 'थांबा, अजून तयारी नाही' हा शब्द जिथे चालत नाही, तिथे चांगली इच्छाही घात करते. पुढे धरण नव्याने बांधावे लागले. आज त्याच जागी तानाजीसागर उभा आहे. म्हणजे एक वर्ष वाचवायला गेलो आणि कित्येक वर्षे घालवून बसलो.

कोकण रेल्वे : वेग म्हणजे काय

आता दुसरे उदाहरण पाहू. कोकणात रेल्वे यावी ही मागणी फार जुनी. १९९० मध्ये त्यासाठी स्वतंत्र महामंडळ निघाले. केंद्र सरकार आणि महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, केरळ ही चार राज्ये त्याचे भागीदार झाले. आपण शेअर घेतो तसे त्यांनी भाग घेतले आणि बाकीचा बराच पैसा कर्जरोख्यांतून उभा केला. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग, नव्वदहून अधिक बोगदे आणि लहानमोठे सुमारे दोन हजार पूल, असे ते काम. २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग सुरू झाला.

हे कसे जमले? कामाचे प्रमुख ई. श्रीधरन यांनी सगळा मार्ग सात भागांत वाटला आणि प्रत्येक भागावर एक मुख्य अभियंता नेमून त्याला तिथल्या तिथे निर्णय घेण्याचा अधिकार दिला. बारीकसारीक मंजुरीसाठी कागद घेऊन मुंबईला खेटे घालायची पाळी येऊ दिली नाही. पण अधिकारासोबत जबाबदारीही त्याचीच. ठेकेदाराच्या बिलाचा मोठा हिस्सा चटकन हातात पडेल अशी व्यवस्था केली. पैसे अडकवून चिरीमिरी काढण्याची वाटच त्यामुळे बुजली. किती दिवस उरले ते दाखवणारी उलटी घड्याळे कचेऱ्यांत लावली. सुमारे ४२ हजार जमीनमालकांशी व्यवहार करायचा होता. त्यासाठी नुसत्या नोटिसा न डकवता माणसे घरोघर जाऊन बोलली. कोकणी माणसाने वाडवडिलांची जमीन सोडली ती या बोलण्यावर विश्वास ठेवून.

तरीही ठरलेली मुदत पाळता आली नाही. पाच वर्षांचे काम सातांवर गेले. गोव्यात मार्ग कुठून न्यावा यावर मोठे आंदोलन झाले, काम थांबले, चौकशी बसली. पेडण्याच्या बोगद्यात चिखलासारखी माती पुन्हा पुन्हा ढासळली. अशा वेळी काय केले, तर तारीख पुढे ढकलली. बोगदा पक्का झाल्यावरच गाडी सोडली. पानशेतला तारीख अलीकडे ओढली, इथे जमिनीचे ऐकून ती पुढे नेली. वेग आणि घाई यांतला फरक तो हाच. वेग म्हणजे रिकामा वेळ न दवडणे. घाई म्हणजे आवश्यक पायरी गाळणे.

याचा अर्थ कोकण रेल्वेत सारे गोड झाले असा नाही. बांधकामात सत्तरहून अधिक जणांचे प्राण गेले. सुमारे २,२५० कोटींचा अंदाज होता, तो व्याजासह साडेतीन हजार कोटींच्या आसपास गेला आणि महामंडळ पुढे कित्येक वर्षे कर्जाच्या ओझ्याखाली राहिले. उभ्या कापलेल्या डोंगरांच्या दरडी नंतर सैल झाल्या. २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ दरडीमुळे गाडी घसरून ५० च्या वर माणसे दगावली आणि पुढच्याच वर्षी आणखी एक अपघात झाला. मग उतार कमी केले, जाळ्या बसवल्या, पावसाळ्यात गाड्यांचा वेग उतरवला. फीत कापली की काम संपत नाही, हे त्यावरून शिकावे.

अंदाजपत्रकातले खोटे

बेंट फ्लुबिअर्ग नावाचे डेन्मार्कचे एक अभ्यासक आहेत. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीस देशांतल्या २५८ वाहतूक प्रकल्पांचे हिशेब तपासले आणि २००२ मध्ये निष्कर्ष मांडले. दहांपैकी नऊ कामांचा खर्च अंदाजापेक्षा वाढला होता. रेल्वेच्या कामांत ही वाढ सरासरीने शेकडा ४५ होती. नजरचुकीने आकडे चुकले असते तर काही वर, काही खाली गेले असते. सगळेच एका बाजूला झुकतात, याचे कारण काही अंशी माणसाचा भाबडा आशावाद आणि काही अंशी जाणूनबुजून केलेली लबाडी, असे त्यांचे म्हणणे. कामाला मंजुरी मिळावी म्हणून खर्च कमी दाखवायचा, उत्पन्न फुगवायचे. एकदा पाया खणला की मग माघार कोण घेतो?

आपल्याकडे याला 'आधी बसू तर द्या, मग पाय पसरतो' म्हणतात. कामातली सचोटी आणि कामाचे व्यवस्थापन या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, ते इथे कळते. खोट्या अंदाजावर उभे राहिलेले काम पुढे कितीही हुशारीने चालवले, तरी त्याचा तोटा कुणाच्या तरी माथी बसतोच. सहकारात तो सभासदाच्या माथी बसतो.

आपल्या कामाला लावून पाहू

हिशेब सोपा आहे. दररोज २,५०० टन आणि १६० दिवसांचा हंगाम धरला तर ४ लाख टन ऊस लागतो. क्षमता दुप्पट केली की ८ लाख टन हवा. एकरी सरासरी ४० टन उतारा धरला तर आज १० हजार एकर ऊस पुरतो, उद्या २० हजार एकर लागेल. तो ऊस कोणत्या गावांत आहे? त्याला पाणी कुठले? दुष्काळ पडला, किंवा शेजारच्या कारखान्याने चार पैसे जादा देऊन आपल्या हद्दीतला ऊस नेला, तर काय? बगॅस तरी उसातूनच निघते. ऊस नाही तर बगॅस नाही, आणि बगॅस नाही तर वीज नाही.

आता व्याज बघा. नुसते उदाहरण म्हणून धरा, १०० कोटींचे कर्ज आणि दरसाल शेकडा १२ व्याज. वर्षाला १२ कोटी, महिन्याला १ कोटी. ४ लाख टनच गाळप झाले तर हे व्याज टनामागे ३०० रुपये पडते. ८ लाख टन झाले तर १५०. काम एक महिना लांबले तर ४ लाख टनांच्या हिशेबाने टनामागे २५ रुपये गेलेच. आणि साखर कारखान्याचे लांबणे म्हणजे नुसता महिना नव्हे. मोळी टाकायची वेळ हुकली की सगळा हंगाम हातचा जातो. एफ.आर.पी. चौदा दिवसांत द्यावी असा कायदा आहे. पण कारखाना व्याजात बुडाला की ती वेळेवर येत नाही, आणि तिच्यावरचे जे मिळायचे ते तर विसरायचेच.

हे घाबरवण्यासाठी लिहिलेले नाही. ऊस भरपूर असताना लहान कारखाना ठेवला तर मार्च-एप्रिलच्या उन्हात फडात ऊस वाळतो, वजन घटते, त्याचाही तोटा शेतकऱ्यालाच. म्हणून हिशेब दोन्ही बाजूंनी मांडला पाहिजे, आणि तो खरा मांडला पाहिजे.

सभेत काय विचारावे

सभासदाने सभेत नुसते 'मंजूर, मंजूर' म्हणू नये आणि नुसता आरडाओरडाही करू नये. पुढील पाच प्रश्न शांतपणे विचारावेत आणि उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्यावीत.

१. प्रकल्प अहवाल कोणी केला? ज्याला पुढे मशिनरी विकायची आहे त्यानेच केला असेल, तर दुसऱ्या त्रयस्थ माणसाकडून तपासून घेतला आहे काय?

२. गेल्या दहा वर्षांतले सर्वांत वाईट गाळप धरले तर हप्ते फिटतात काय? चांगल्या सालावर मांडलेला हिशेब कुणाचाही जुळतो.

३. या कामाला जबाबदार असा एक माणूस कोण? सगळ्यांची जबाबदारी म्हणजे कुणाचीच नाही.

४. निविदा भरणाऱ्यांत कोणा संचालकाचा किंवा अधिकाऱ्याचा सोयराधायरा आहे काय? असल्यास त्याने आधीच सांगावे आणि त्या निर्णयातून बाजूला व्हावे. लपवले तर तो गुन्हा समजावा.

५. काम रखडले किंवा खर्च वाढला तर सभासदांना ते केव्हा कळणार? दर तीन महिन्यांनी झालेले काम, झालेला खर्च आणि उरलेली मुदत या पत्रिकेत छापून यावी.

या पाचांत शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. बॉयलरवरच्या फिटरला जे दिसते ते चेअरमनपर्यंत पोचले पाहिजे आणि चेअरमनला जे कळते ते सभासदापर्यंत आले पाहिजे. वाईट बातमी आणणाऱ्याला जिथे दटावतात, तिथे पुढे वाईट बातमी येतच नाही. थेट संकटच येते. पानशेतला तेच झाले.

एक गोष्ट सभासदांनीही पाळायची आहे. 'यंदाच्या दसऱ्याला बॉयलर पेटलाच पाहिजे' असा हट्ट आपणच धरतो आणि मग संचालक मंडळ आपल्याला खूश करण्यासाठी अर्धवट यंत्रावर पूजा उरकते. चाचणी पुरी झाली नसेल तर दसरा गेला तरी चालेल, पण तोडणीला आलेला ऊस फडात आणि गाड्या गव्हाणीपुढे ताटकळायला नकोत, हे आपणच ठणकावून सांगितले पाहिजे.

शेअरची रक्कम तुम्ही घाम गाळून भरली आहे. कुणी बैल विकून, कुणी घरातले सोने मोडून. त्या पैशाला प्रश्न विचारण्याचा हक्क आहे. सभेला अवश्य या, अहवाल घरून वाचून या.