ऐकणाऱ्यांचं दप्तर

हिंदी सिनेमाचं संगीत घडवणाऱ्यांवर मराठीत भरपूर लिहिलं गेलं आहे. शिरीष कणेकरांचं 'गाये चला जा' तर आमच्या पिढीने पारायणं करून वाचलं. पण हे संगीत ज्यांनी ऐकलं, नोंदलं, पेट्यांत जपलं आणि पुढच्यांच्या हाती दिलं, त्या ऐकणाऱ्यांचा इतिहास फारसा कुणी लिहिला नाही. मी शाळकरी वयात त्यांच्यात सामील झालो आणि आजही त्यांच्यातलाच आहे. त्या नात्याने हा आढावा.

सुरुवात एका मराठी मंत्र्यापासून करावी लागते. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ साली माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. शास्त्रीय संगीतावर त्यांची निष्ठा होती आणि सिनेसंगीत त्यांना हलकं वाटे. आकाशवाणीवर सिनेगीतांचा वेळ कमी झाला. गाण्याबरोबर सिनेमाचं नाव सांगणं ही जाहिरात ठरली, तेव्हा निर्मात्यांनी हक्कच काढून घेतले. मग लोकांनी सुई फिरवली ती थेट कोलंबोवर. महायुद्धात सैनिकांसाठी उभारलेलं तिथलं जबरदस्त शॉर्टवेव्ह केंद्र आता रेडिओ सिलोन झालं होतं. ३ डिसेंबर १९५२ च्या बुधवारी रात्री तिथून बिनाका गीतमाला सुरू झाली. अमीन सयानी मुंबईत ध्वनिमुद्रण करत आणि फिती कोलंबोला जात. आकाशवाणीला विविध भारती सुरू करायला १९५७ चा ऑक्टोबर उजाडला.

केसकरांच्या नावाने बोटं मोडायची आमच्यात रीत आहे. मला मात्र वाटतं, आमची जमात त्यांच्यामुळेच उभी राहिली. सहज मिळणाऱ्या गाण्यासाठी कुणी पोस्टकार्ड लिहायला बसत नाही.

गीतमालेत सुरुवातीला गाण्यांना क्रम नव्हता. श्रोत्यांनीच तो लावून पाठवायचा आणि अचूक उत्तराला बक्षीस. पत्रांचा इतका पाऊस पडला की पुढे ती पद्धत बदलून क्रमवार 'पायदानं' आली. क्रम ठरे तो तबकड्यांच्या खपावर आणि गावोगावच्या श्रोता संघांच्या पसंतीवर. अभ्रकाच्या खाणींसाठी ओळखलं जाणारं झुमरी तलैया देशभर माहीत झालं ते फर्माईशींमुळे. भाटापाराचंही तेच.

आमच्या खानदेशातल्या गावी असा संघ एका सायकल दुकानात भरे. मी आठवीत असताना दुकानाच्या मालकांनी, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, माझं नाव वहीत चढवलं. पोस्टकार्डावर वर गाणं, मग सिनेमा, मग गायक, आणि खाली दाटीवाटीने सगळ्या सभासदांची नावं, शेवटी संघाचा जांभळा शिक्का. नावांचा क्रम दर खेपेला बदलायचा, म्हणजे निवेदकाने चारच नावं वाचली तरी कुणी कायमचा मागे राहू नये. अण्णांचा हा नियम मोडलेला मी कधी पाहिला नाही.

त्या नावांत बायकांची नावं नसत. ऐकत तर त्याही होत्या, आणि कित्येकदा आमच्याहून बारकाईने. सकाळी साडेसातला सिलोनवर 'पुरानी फिल्मों का संगीत' लागे आणि त्याचा शेवट सैगलच्या गाण्याने होई. माझी आत्या त्या गाण्यावर स्वयंपाकघरातलं घड्याळ लावायची. गीतमालेचा दर बुधवारचा क्रम ती मुलांच्या उरलेल्या वह्यांत उतरवून घ्यायची. खरखरीत एखादं नाव ऐकू आलं नाही तर तिथे टिंब. संघाने तिला कधी विचारलं नाही. ती गेल्यावर घर आवरताना त्या वह्या रद्दीत गेल्या. अशा किती गेल्या असतील, याचा विचार केला की आजही चुटपुट लागते.

चाहत्यांच्या हट्टाने काय होतं, याचा सर्वांत मोठा दाखला 'महल' या १९४९ च्या सिनेमाचा. त्यातल्या, संगीतकार खेमचंद प्रकाश यांच्या एका गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून नाव छापलं होतं 'कामिनी', म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं. गाणं लागलं की रेडिओकडे विचारणा येत राहिल्या, ही गाते कोण? शेवटी कंपनीकडून नाव मागवावं लागलं आणि लता मंगेशकर हे नाव सांगितलं गेलं. नाव विचारणारे ते लोक कोण होते, आज कुणालाच माहीत नाही.

नोकरीनिमित्त पुण्याला आलो आणि तबकड्यांच्या माणसांत पडलो. रविवारी जुन्या बाजारात उकिडवं बसून गठ्ठे चाळायचे, आणि संध्याकाळी कुणाच्या तरी घरी जमायचं. तिथले एक निवृत्त ओव्हरसियर लाखेची तबकडी दोन्ही तळव्यांत फक्त कडेने धरत, मऊ फडक्याने खाचांच्या दिशेने पुसत, प्रत्येक बाजूला नवी पिन लावत. आधी क्रमांक मोठ्याने वाचत. एचएमव्हीचा असेल तर 'एन', कोलंबियाचा असेल तर 'जीई'. मग सिनेमा, साल, गीतकार, संगीतकार. पुढची तीन-सव्वातीन मिनिटं कुणी बोलायचं नाही. मग वाद सुरू. हाच अंतरा पडद्यावर वेगळा होता का, कोरसमधला तो आवाज कुणाचा, संगीतकार सज्जाद हुसेनना इतके कमी सिनेमे का मिळाले. नौशादवाले आणि ओ. पी. नय्यरवाले एकमेकांशी कडाकडा भांडत आणि एकाच स्कूटरवरून घरी जात.

या वेडाला शिस्त लावली कानपूरच्या हरमंदिर सिंह 'हमराज' यांनी. बँकेत नोकरी करणाऱ्या या माणसाने 'हिंदी फिल्म गीत कोश' रचला. १९५१ ते १९६० या दशकाचा खंड १९८० मध्ये सर्वांत आधी आला, मग पुढची-मागची दशकं. प्रत्येक सिनेमाची गाणी, गायक, गीतकार, तबकडीचा क्रमांक. विद्यापीठाने करायचं हे काम श्रोत्यांची पत्रं, थिएटरबाहेर विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिका आणि तबकड्यांवरची लेबलं यांवर उभं राहिलं. मुंबईत १९९० मध्ये सुरू झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स'ने हेच व्रत घेतलं. भौतिकशास्त्रज्ञ सुरेश चांदवणकर यांनी तिथे सिनेसंगीताबरोबर नाट्यसंगीत, भाषणं, जुन्या बैठकीची गाणी यांच्या तबकड्यांचाही मागोवा घेतला. 'आलम आरा' या पहिल्या बोलपटाच्या गाण्यांच्या तबकड्या निघाल्याच नाहीत आणि सिनेमाची प्रतही उरली नाही. म्हणून १९३१ चा तो आवाज कायमचा गेला. संग्राहकाच्या कपाटातली एक तडकलेली तबकडी काय मोलाची असते, ते यावरून कळावं.

आज हवं ते गाणं फोनवर क्षणात मिळतं. त्यातली कितीतरी दुर्मिळ गाणी कुणा संग्राहकाने स्वतःच्या तबकडीवरून उतरवून फुकट दिलेली असतात. पण तिथे गीतकाराचं नाव बहुधा नसतं, साल चुकलेलं असतं. अण्णांच्या संघात असं पोस्टकार्ड परत लिहायला लावलं असतं.

आता दिवाळीची साफसफाई सुरू असेल. माळ्यावर जुन्या तबकड्या निघाल्या तर त्या आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. स्पिरिटने पुसू नका; लाख विरघळते. गाण्यांच्या पुस्तिका, फर्माईशीची पोस्टकार्डं, आजीच्या हस्ताक्षरातल्या वह्या रद्दीवाल्याला देण्याआधी एखाद्या जाणत्या संग्राहकाला दाखवा, नाहीतर पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात विचारा. आणि वही कुणाची होती, कोणत्या गावची, हे पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवा.