महिंद्रा युनायटेड : एका औद्योगिक फुटबॉल क्लबचा उदय आणि अस्त

प्रस्तावना

औद्योगिक वसाहतीतील माणसाला कंपनीचा संघ ही बाब नवी नाही. रोहा तालुक्यातील धाटावसारख्या कारखानदारीच्या परिसरात वावरणाऱ्या वाचकाला कामगार आणि मैदान यांचे नाते वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. महाराष्ट्रात या नात्याने गाठलेली उंची आणि त्याच्या मर्यादा या दोन्हींचे दर्शन मुंबईच्या ‘महिंद्रा युनायटेड’ या क्लबच्या इतिहासात घडते. प्रस्तुत लेखात या क्लबची वाटचाल आणि त्याच्या विसर्जनाची कारणमीमांसा थोडक्यात मांडली आहे.

जडणघडण

मुंबईत फुटबॉलची परंपरा जुनी आहे. येथील रोव्हर्स चषक स्पर्धा 1891 साली सुरू झाली. आरंभी तिच्यावर ब्रिटिश लष्करी पथकांचे वर्चस्व होते. 1937 साली बंगळूर मुस्लिम्स हा ती जिंकणारा पहिला भारतीय संघ ठरला. पुढील काळात मुंबईत टाटा, महिंद्रा, एअर इंडिया अशा आस्थापनांचे संघ उभे राहिले. महिंद्रा अँड महिंद्राच्या संघाची स्थापना 1962 सालची. अशा संघांची व्यवस्था साधी होती : खेळाडूला कंपनीत नोकरी मिळे आणि कंपनीला नावलौकिक.

स्पर्धांतील वाटचाल

त्या काळातील बहुतेक प्रतिष्ठित स्पर्धा बाद पद्धतीच्या व अल्पमुदतीच्या होत्या. 1996 साली राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली आणि चित्र पालटले. साखळी स्पर्धेसाठी अनेक महिन्यांचा मोसम, देशभरचा प्रवास, करारबद्ध व परदेशी खेळाडू यांचा खर्च आवश्यक ठरला. 2000 साली संघाने ‘महिंद्रा युनायटेड’ हे नाव धारण केले, ते याच व्यावसायिक युगात.

या सुमाराचे दशक हा क्लबचा सुवर्णकाळ होय. 1998, 2001 व 2008 साली ड्युरँड चषक, 2003 व 2005 साली फेडरेशन चषक, तर 2006 व 2008 साली आय.एफ.ए. शील्ड क्लबने पटकावली. सर्वांत मोलाचे यश म्हणजे 2005-06 चे राष्ट्रीय लीगचे विजेतेपद. डेरिक परेरा प्रशिक्षक असलेल्या या संघाने ही लीग प्रथमच महाराष्ट्रात आणली. ब्राझीलचा जोझे रामिरेझ बरेटो, मुंबईचा स्टीव्हन डायस यांसारखे खेळाडू या संघातून खेळले. 2007 साली क्लबने आशियाई स्तरावरील ए.एफ.सी. चषकाची उपान्त्यपूर्व फेरी गाठली.

विसर्जन

तथापि 2009-10 चा मोसम हा क्लबचा अखेरचा ठरला. व्यवस्थापनाने वरिष्ठ संघ बंद करून शालेय फुटबॉलकडे लक्ष वळविण्याचे जाहीर केले. म्हणजेच पराभवाने नव्हे, तर एका निर्णयाने क्लब संपला. पुढच्याच वर्षी, 2011 मध्ये, पहिल्या राष्ट्रीय लीगचा विजेता असलेला पंजाबचा जे.सी.टी. संघही बंद झाला. मुंबईत 2014 साली स्थापन झालेल्या मुंबई सिटी संघाने 2020-21 मध्ये इंडियन सुपर लीग जिंकली. परंतु महिंद्राचा वारसा सांगणारा संघ मात्र उरला नाही.

येथे इस्रायलचे उदाहरण उद्बोधक ठरते. तेथील ‘हापोएल’ नावाचे क्लब हिस्तद्रुत या कामगार महासंघाशी निगडित होते. त्यांपैकी तेल अवीवच्या क्लबने 1967 साली आशियाई क्लब विजेतेपद मिळविले. जेरुसलेममधील हापोएलच्या मालकांवर नाराज झालेल्या चाहत्यांनी 2007 साली वर्गणी काढून स्वतःचा क्लब उभारला. 2020 साली त्यांनी मूळ नाव परत मिळविले आणि 2021 साली सर्वोच्च श्रेणीत प्रवेश केला.

निष्कर्ष

उद्योगाच्या आश्रयामुळे महाराष्ट्रातील फुटबॉलपटूला उपजीविका व प्रतिष्ठा लाभली, हे ऋण मान्य करावेच लागेल. मात्र आश्रय म्हणजे मालकी नव्हे. ज्या क्लबमध्ये खेळाडू, प्रेक्षक आणि गाव यांचा सभासद म्हणून वाटा नसतो, तो क्लब ताळेबंदातील एक खर्चाची बाब ठरतो आणि ती बाब केव्हाही वगळता येते. औद्योगिक परिसरातील क्रीडामंडळांनी कंपनीचे साहाय्य अवश्य घ्यावे. पण मंडळाची नोंदणी, मैदान आणि सभासदत्व मात्र स्वतःच्या हाती ठेवावे, हाच या इतिहासाचा बोध होय.