ब्रेक पॅड विकत घेताना तापमान विचारा

सुरतहून एका वाचकाचा प्रश्न आला आहे. त्यांची गाडी एकच. उधन्याहून अडाजणला ऑफिसची रोजची ये-जा तिच्यावर, सुट्टीत खानदेशात गावी जाणं तिच्यावर, आणि आता ‘ट्रॅक डे’लाही तीच न्यायची आहे. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. रेस ट्रॅकवर आपलीच गाडी मनसोक्त पळवायचा दिवस. तर रस्ता आणि ट्रॅक, दोन्हींना चालतील असे ब्रेक पॅड कोणते?

कंपनीचं नाव सांगून हा प्रश्न सुटत नाही. पॅडची निवड ही आधी तापमानाची निवड आहे, आणि ते तापमान किती हे साध्या गणितानं काढता येतं.

चालकासह टनभर वजनाची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून थांबवली, तर सुमारे ३८६ किलोज्यूल ऊर्जेची उष्णता होते. तेवढ्या उष्णतेत सव्वा लिटर पाण्याला उकळी येईल. यातला साधारण ७० टक्के भार पुढच्या दोन चाकांवर येतो. डिस्क, म्हणजे पॅड जिला पकडतो ती चकती, प्रत्येकी पाच किलोची धरली, तर एका ब्रेकमध्ये ती ६० अंशांनी तापते. रिंग रोडच्या सिग्नलवर वेग याच्या निम्माही नसतो, आणि वेग निम्मा म्हणजे उष्णता पाव. पुढच्या सिग्नलपर्यंत डिस्क बरीच निवते.

ट्रॅकवर मात्र ताशी १५०चा वेग वळणापाशी ६०वर आणायचा असतो. गाडी पूर्ण थांबतही नाही, तरी उष्णता जवळजवळ दुप्पट होते आणि डिस्क ११० अंशांनी चढते. ती निवायच्या आत पुढचं वळण येतं. अशा काही फेऱ्यांत डिस्क ५०० अंशांच्या घरात जाते. रस्त्याच्या पॅडनं कधी पाहिलेलं नसतं असं हे तापमान.

या पॅडची जन्मकथा मला फार आवडते. ऑगस्ट १८८८मध्ये बर्था बेन्झ नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, त्यानं बनवलेल्या मोटारीतून मानहाइमहून फोर्झहाइमला निघाल्या. शंभरेक किलोमीटरची ती वाट मोटारीचा पहिला लांबचा प्रवास म्हणून प्रसिद्ध आहे. त्या प्रवासात उतारांवर लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा बर्थाबाईंनी वाटेतल्या गावात चांभार गाठला आणि ब्रेकच्या ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. मोटारीच्या ब्रेकचा पहिला लायनर, म्हणजे घासला जाणारा थर, तो हा. कार्ल बेन्झ यांचं नाव पोरासोरांनाही ठाऊक असतं. गाडी थांबवण्याच्या तंत्रातली ही मोलाची भर त्यांच्या पत्नीची, हे फारसं कुणी सांगत नाही.

पुढे १८९७च्या सुमारास इंग्लंडच्या डर्बीशर परगण्यात हर्बर्ट फ्रूड यांच्याही नजरेत चामडंच भरलं. तिथले गाडीवान डोंगरउतारावर घोडागाडीच्या ब्रेकला जुने बूट बांधत, कारण नुसतं लाकूड घसरे. त्यावरून फ्रूड यांनी सुताचे पट्टे चिकट द्रवात भिजवून, दाबून लायनर बनवले. त्यांची ‘फेरोडो’ आजही पॅड विकते. पण सूत दीडशे अंशांच्या आसपास करपू लागतं. सुरतेत कापडाच्या धंद्यातल्या कुणालाही हे सांगायला नको. मोटारींचे वेग वाढले तसं सूत गेलं आणि १९०८पासून ॲस्बेस्टॉस आलं. उष्णतेला ते दाद देईना, पण त्याच्या धुळीनं माणसांच्या फुप्फुसांत कर्करोग पेरला. पुढे त्याची जागा ज्या धाग्यांनी घेतली, त्यांतला एक केव्हलार, १९६५मध्ये स्टेफनी क्वोलेक यांच्या प्रयोगशाळेतून निघालेला.

धागा बदलत गेला, पण सगळं एकत्र धरून ठेवायला आजही बहुतेक पॅडमध्ये फिनॉलिक रेझिन असतं, म्हणजे बेकलाइटचं भावंड. खरी मर्यादा तिथे आहे. तीन-चारशे अंशांवर हे रेझिन विघटित होऊ लागतं, त्यातून वायू सुटतात, घर्षण घसरतं. पेडल घट्ट लागतं, पाय जोर लावतो आणि गाडी पुढेच जात राहते. याला ‘फेड’ म्हणतात.

मग ट्रॅकचेच पॅड कायमचे का बसवू नयेत? त्यांच्यात धातू जास्त असतो, ते सहाशे अंशांतही पकड सोडत नाहीत, पण त्यांना आधी गरम व्हावं लागतं. तव्याचं जसं आहे तसंच: थंड तव्यावर भाकरी भाजत नाही आणि धगधगत्या तव्यावर ती करपते. सकाळी पार्किंगमधून निघाल्यावर पहिल्याच चौकात रिक्षा आडवी आली, तर कंपनीचा साधा पॅड रेसिंग पॅडपेक्षा लवकर थांबवेल. शिवाय रेसिंग पॅड किंचाळतात, डिस्क खातात आणि चाकं काळी करतात. डब्यावर ‘रेसिंग’ लिहिलंय म्हणून रस्त्यावर जास्त सुरक्षित, हा समज धोक्याचा आहे. नुसत्या ‘सिरॅमिक’ या शब्दावरूनही पॅड किती तापमान सोसेल ते कळत नाही.

पॅड हातात घेऊन त्याची कड किंवा मागची पत्री बघा. पुष्कळदा आकड्यांच्या ओळीच्या शेवटी दोन रोमन अक्षरं असतात. पहिलं अक्षर साधारण तापमानातल्या घर्षणाचं, दुसरं गरम झाल्यावरचं. ‘ई’ म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५, ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. ‘एफ-ई’ असेल तर हा पॅड तापल्यावर ढिला पडतो असं त्याच्या अंगावरच लिहिलेलं आहे. मात्र ही चाचणी इंचभर तुकड्यावर होते आणि साडेतीनशे अंशांच्या आसपास थांबते. ट्रॅकसाठी कंपनीकडून तापमान आणि घर्षणाचा आलेख मागावा. तो न देणाऱ्याचा पॅड घेऊ नये.

पॅडआधी ब्रेक ऑइल बदला, असं मी आग्रहानं सांगेन. हे ऑइल हवेतली ओल शोषतं, आणि सुरतेचा समुद्रकाठचा पावसाळा त्याला भरपूर ओल पुरवतो. डॉट ४ दर्जाचं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्के पाणी शिरलं की हीच हमी १५५वर येते. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते आणि पेडल थेट तळाला जातं. फेडमध्ये निदान पायाला विरोध जाणवतो, इथे तोही नाही. ट्रॅकवर जाण्याआधी ताजं ऑइल भरून नीट एअर काढून घेणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

ज्यांना ट्रॅक कधीच दिसणार नाही त्यांनीही हे वाचावं, कारण घाट सगळ्यांनाच लागतो. त्याच टनभराच्या गाडीनं १०० मीटर खोल उतरणं म्हणजे ताशी १००वरून अडीच वेळा थांबण्याएवढी उष्णता. सापुताऱ्याहून वघईकडे किंवा धुळ्याकडून येताना कोंडाईबारीत सतत पाय ब्रेकवर ठेवला, तर साधी कौटुंबिक गाडीही ट्रॅकच्या तापमानाकडे सरकते. खालचा गिअर टाकला की यातला मोठा वाटा इंजिन उचलतं.

आता सुरतच्या त्या वाचकांना उत्तर. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक, कोइमतूरचा कारी, ग्रेटर नोएडातलं बुद्ध सर्किट, सगळे सुरतेहून हजारावर किलोमीटर. म्हणजे ट्रॅकवर पोचायलाच रस्त्याचे पॅड लागणार. वर्षाला एकदोन ट्रॅक डे आणि बेताच्या ताकदीची गाडी असेल, तर थंड असतानाही पकड घेणारा आणि पाचशे अंशांपर्यंत टिकणारा मधला पॅड घ्या, चार-पाच फेऱ्यांनंतर एक फेरी ब्रेक न लावता संथ काढा. ताकदवान गाडी असेल, तर ट्रॅकचा जोड डिकीत न्या आणि तिथे बदला. बहुतेक गाड्यांत जॅक, पाना आणि अर्धा-पाऊण तास पुरतो.

पॅड बदलले की ते बसवून घ्यावे लागतात: मोकळ्या जागी ताशी ८०वरून २०पर्यंत आठ-दहा वेळा वेग उतरवायचा, पूर्ण न थांबता. यात पॅडचा पातळ थर डिस्कवर पसरतो आणि पकड बरीचशी त्या थरामुळे येते. तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून उभं राहिलात तर थर एकाच जागी चिकटतो, गाडी थरथरते आणि गॅरेजमध्ये ‘डिस्क बेंड झाली’ असं निदान होतं. बऱ्याचदा डिस्क सरळच असते. वेगवेगळ्या पॅडचे थर एकमेकांत मिसळू नयेत म्हणून ट्रॅकच्या जोडाला डिस्कचाही वेगळा संच ठेवला तर उत्तम. आणि मेकॅनिक हवेच्या नळीनं ब्रेकची धूळ उडवू लागला, तर त्याला थांबवून ओलं फडकं द्या. ॲस्बेस्टॉस नसलं तरी ती धूळ त्याच्या छातीत जाऊ नये.