सोंडकिडा, सावकार आणि भुईमूग

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या दक्षिण भागातील अलाबामा राज्यात, एंटरप्राइझ या लहान गावाच्या परिसरात, कापूस हेच मुख्य नगदी पीक होते, आणि त्याचे कारण जमिनीत कमी व उधारीच्या व्यवहारात अधिक होते. यादवी युद्धानंतर गुलामगिरी संपली, तरी भूमिहीन कृष्णवर्णी आणि गरीब गोरी कुटुंबे मालकाची जमीन बटाईने, म्हणजे पिकाचा हिस्सा देण्याच्या बोलीवर, कसू लागली. बियाणे, खत आणि घरातले पीठमीठ दुकानदाराकडून उधार येई व त्याला उभे पीक तारण असे. तारणाला हमखास विकला जाणारा कापूसच चाले, त्यामुळे कस गेलेल्या रानातही पुन्हा कपाशीच लागे.

मेक्सिकोतून 1892 च्या सुमारास टेक्सासमध्ये शिरलेला सोंडकिडा 1915 च्या सुमारास इथवर पोहोचला. जेमतेम सहा मिलिमीटर लांबीच्या या भुंग्याची मादी सोंडेने पात्याला, म्हणजे कपाशीच्या न उमललेल्या कळीला, भोक पाडून आत अंडे घालते. अळी आतून पाते पोखरते, ते पिवळे पडून गळते, आणि बोंड धरतच नाही. (विदर्भातील गुलाबी बोंडअळी ही वेगळी कीड, ती पतंगाची अळी होय.) अळी आत दडलेली असल्याने बाहेरून टाकलेले विष तिच्यापर्यंत पोहोचत नसे.

पिकाबरोबर तारणही बुडाले, तेव्हा बदलाची निकड पैसे देणाऱ्यांनाही भासली. एच. एम. सेशन्स या व्यावसायिकाने 1916 मध्ये सी. डब्ल्यू. बॅस्टन या कर्जबाजारी शेतकऱ्याला भुईमुगासाठी पाठबळ दिले. त्या हंगामात सुमारे 8,000 बुशेल शेंगा निघाल्या (बुशेल हे साधारण 35 लिटरचे माप) आणि बॅस्टनचे कर्ज फिटले. पुढच्याच वर्षी कॉफी या त्या परगण्यात दहा लाख बुशेलांहून अधिक शेंगा पिकल्या. भुईमुगाच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतील नत्र स्थिर करून जमिनीचा कस राखतात, हे टस्कीगी येथील कृष्णवर्णी कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर कितीतरी आधीपासून सांगत होते; परंतु उधारीवर जगणाऱ्याला पीक निवडण्याची मुभा नसते.

11 डिसेंबर 1919 रोजी गावाने भर चौकात या किडीचे स्मारक उभारले, जरी मूळ पुतळ्यावर किडा नव्हताच. तो 1949 मध्ये बसवण्यात आला. किडीला दिलेले हे श्रेय गमतीचे असले तरी अपुरे आहे, कारण हीच कीड दक्षिणेत जवळजवळ सर्वत्र पसरली, तरी कपाशी सर्वत्र हटली नाही, आणि हजारो बटाईदार कुटुंबांनी, विशेषतः कृष्णवर्णीयांनी, उत्तरेकडील कारखान्यांची वाट धरली. पुढे 1970 च्या दशकाअखेरीस सुरू झालेल्या निर्मूलन मोहिमेने सोंडकिडा बहुतांश कापूसपट्ट्यातून हद्दपार झाला, तेव्हा आग्नेय अलाबामातही कपाशीला पुन्हा बरे दिवस आले, मात्र आता ती भुईमुगाशी फेरपालट करून घेतली जाते.