मोकळ्या घराची शोभा

घर सजविणे म्हणजे घरात काहीतरी नवे आणून ठेवणे, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. दिवाळी आली की नवा पडदा येतो; कोणाच्या लग्नात मिळालेली काचेची हंसांची जोडी कपाटावर विराजमान होते, आणि एकदा तेथे बसलेले हंस पुढे वीस वर्षे उडत नाहीत. अलीकडे मात्र वारा उलट दिशेने वाहू लागला आहे. पांढऱ्या भिंती, फिकट लाकडाची दोनचार आसने, एखादी हिरवी कुंडी आणि बाकी सारे मोकळे, अशा खोल्यांची चित्रे तरुण मंडळी मोठ्या आवडीने पाहतात. स्वीडन, डेन्मार्क, नॉर्वे या उत्तरेकडील देशांची ही पद्धत. स्वीडनमध्ये जन्मलेल्या आयकिया कंपनीने २०१८ साली हैदराबादेत आणि २०२० साली नवी मुंबईत दुकान उघडल्यापासून ती आपल्याकडे अधिकच ओळखीची झाली आहे.

ही पद्धत आपल्या घरात कितपत रुजेल, याचा विचार करण्यासाठी मी जबलपूरच्या चेरीताल वस्तीतील एक घर डोळ्यांसमोर ठेवतो. जबलपूर हे तळ्यांचे गाव. येथे एके काळी बावन्न तळी होती असे सांगतात. राणीताल हे राणी दुर्गावतीचे, आधारताल तिचा मंत्री आधारसिंह याचे आणि चेरीताल तिच्या दासीचे, अशी लोकांत परंपरा आहे. चेरी म्हणजे दासी. पुढे कित्येक तळी बुजली, त्यांवर घरे उठली, नावे तेवढी राहिली. घराच्या सजावटीची चर्चा दासीच्या नावाच्या वस्तीतून सुरू व्हावी, हे मला योग्यच वाटते. कारण खोली सुंदर आहे की नाही याचा निकाल पाहुण्याच्या डोळ्यापेक्षा केर काढणाऱ्या हातापाशी अधिक खरा लागतो.

मराठी माणूस येथे आला त्यालाही आता दोन शतके उलटून गेली. १७८१ साली हा मुलूख सागरच्या मराठी अंमलाखाली आला, १७९८ साली पेशव्यांनी तो नागपूरकर भोसल्यांना दिला, आणि १८१७ साली इंग्रजांनी घेतला. सत्ता गेली तरी माणसे राहिली, आणि मागाहून नोकऱ्यांच्या निमित्ताने आणखी येत गेली. अशाच एखाद्या कुटुंबाचे आपले हे घर आहे असे समजू. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे छोटीशी ओसरी. घरात आजी, मुलगा, सून, आणि बाहेरगावी नोकरी करून परतलेली नात. त्या नातीला खोली मोकळी हवी आहे.

उत्तरेकडील लोकांनी ही खोली हौसेखातर रचलेली नव्हती. स्टॉकहोममध्ये ऐन हिवाळ्यात सूर्य जेमतेम सहा तास क्षितिजाच्या वर असतो. बाहेर बर्फ, आत माणसे, आणि प्रकाशाचा दुष्काळ! म्हणून भिंती पांढऱ्या, की आलेला किरण वाया जाऊ नये. खिडक्यांवर जाड पडदे नाहीत. लाकूड भूर्ज आणि पाइन यांचे, कारण जंगलात तेच मुबलक. या सवयीला विचाराचे रूप दिले एलेन केई या स्वीडिश विदुषीने. १८९९ साली तिचे ‘सर्वांसाठी सौंदर्य’ या अर्थाच्या नावाचे पुस्तक निघाले. श्रीमंतांच्या दिवाणखान्यांची स्वस्त नक्कल करण्यात गरिबाने पैसा घालवू नये, साधी आणि उपयोगी वस्तूच सुंदर असावी, असे तिचे म्हणणे होते. त्याच वर्षी कार्ल लार्सन या चित्रकाराने आपल्या सुंडबोर्न येथील घराची जलरंगातील चित्रे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली आणि स्वीडनला आपल्या घराचा नमुना सापडला. १९३० च्या स्टॉकहोम प्रदर्शनाने त्याला आधुनिक वळण दिले. मला याहूनही महत्त्वाची वाटते ती १९४४ साली तेथे स्थापन झालेली गृहसंशोधन संस्था. स्वयंपाक करताना बाई किती पावले चालते, किती वेळा वाकते, ओटा किती उंच असावा, हे तिथे मोजून पाहण्यात आले. मोकळ्या खोलीची चित्रे आपल्यापर्यंत पोहोचली; हे मोजमाप मात्र फारसे पोहोचले नाही.

आता चेरीतालकडे वळू. जबलपूर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस आहे. येथील सर्वांत लहान दिवसही साडेदहा तासांहून मोठा असतो, आणि मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या वर चढतो. येथे प्रकाशाचा दुष्काळ नाही, सुकाळ आहे, आणि तोही डोळ्यांना सोसवेना इतका. पश्चिमेच्या भिंतीला झगझगीत पांढरा रंग द्यावा आणि खिडकी उघडी ठेवावी, तर दुपारी चार वाजता त्या खोलीत शांती नव्हे, डोकेदुखी नांदेल. उत्तरेची शांती प्रकाश आत घेण्यात आहे. आपली सावली धरण्यात आहे. वाळ्याचा ओला पडदा, खोल ओसरी, अर्धी मिटलेली झडप यांनी जो गार काळोख आपल्या आजोबांच्या खोलीत होता, त्याची सर पांढऱ्या भिंतीला यायची नाही.

रंग द्यायचाच तर चुना द्यावा. चुन्यासाठी प्रसिद्ध असलेले कटनी येथून दूर नाही. १९९८ पर्यंत ते जबलपूर जिल्ह्यातच होते. दसरा-दिवाळीपूर्वी घराला चुना काढण्याची चाल आपण तैलरंगाच्या मोहात सोडून दिली. या भागात पावसाळाही दांडगा असतो. ओल धरलेल्या भिंतीवर तैलरंगाचे पोपडे सुटतात. चुन्यातून ती ओल निघून जाते. चुना अधिक पांढरा दिसावा म्हणून पूर्वी त्यात नीळ घालीत. त्याऐवजी चिमूटभर पिवडी घातली, तर तीच भिंत उन्हात डोळ्यांना मऊ वाटते. लाकडाचेही तसेच. मंडला आणि बालाघाट या बाजूच्या जंगलांत उत्तम साग आहे. सागाला पांढरा रंग फासून त्याचे भूर्ज करू पाहणे म्हणजे घरच्या दुधात खडू कालवणे होय.

परंतु खरी गोष्ट रंगाची नाही, जागेची आहे. आपल्या जुन्या घरात सामान थोडे होते असे नव्हे. ते जागचे हलत असे. रात्री जेथे अंथरुणे पडत, तेथेच सकाळी वळकट्या उचलल्यावर मुले अभ्यासाला बसत. जेवणाच्या वेळी पाट मांडले जात, जेवणे उरकली की ते भिंतीशी उभे राहत. दुपारी त्याच जागी सुपात तांदूळ निवडले जात आणि दिवेलागणीला तेथेच परवचा म्हटला जाई. एकच खोली दिवसातून चार वेळा भरे आणि चार वेळा रिकामी होई. पुढे पलंग आला, सोफासेट नावाचे संस्थान आले, जेवणाचे मेज आले, आणि प्रत्येकाने आपापल्या जागेवर कायमचा हक्क सांगितला. त्या दिवसापासून खोली अडली. उत्तरेकडील माणूस थोडे ठेवून मोकळीक मिळवितो. आपण ती उचलून मिळवीत होतो.

अर्थात या उचलण्याची किंमत कोणी मोजली, हेही विसरू नये. त्या वळकट्या बहुधा घरातील बायकाच वाहत. शिवाय आजीच्या गुडघ्यांना आता पाटावर बसणे जमणार नाही. म्हणून जुने सारे जसेच्या तसे परत आणा, असे मी म्हणणार नाही. भिंतीलगत दीड फूट उंचीचे एक लांब सागाचे बाक करावे, आत पोकळ, वर फळी. पांघरुणे आत जातील, आजी वर बसेल, आणि रात्री पाहुणा त्यावर निजेल. दुसऱ्या भिंतीत कोनाडे असतील तर ते बुजवू नयेत. एकात दिवा, एकात पुस्तके, बाकीचे रिकामे. जमिनीवर एक सतरंजी पुरे. जबलपूरला तिचे नवल नाही. एकोणिसाव्या शतकात स्लीमनने पकडलेल्या ठगांना येथील उद्योगशाळेत तंबू आणि गालिचे विणायला बसविले होते. स्वीडनमध्ये जुन्या कापडाच्या चिंध्यांचे पट्टे विणतात. आपली गोधडी त्याच गोत्राची, आणि माझ्या मते अधिक देखणी.

रिकामी खोली ओकीबोकी दिसेल अशी भीती वाटत असेल, तर सेवाग्रामची बापूंची कुटी आठवावी. १९३६ साली गांधीजी तेथे राहावयास गेले, तेव्हा घराचा खर्च पाचशे रुपयांपुढे जाऊ नये आणि सामान जवळपासचेच असावे, अशी त्यांची अट होती. मातीच्या भिंती, चटई, बुटके मेज. आणि तरीही मीराबेनने त्या मातीतच झाडांची उठावाची चित्रे काढली आहेत. शोभा आहे, पण ती भिंतीतूनच उगवलेली आहे. तिच्यावरची धूळ पुसण्यासाठी वेगळा नोकर लागत नाही.

आता सर्वांत अवघड प्रश्न. खोली मोकळी करायची तर काय घराबाहेर जावे, आणि ते कोणी ठरवावे? नात म्हणेल, पितळेचे घंगाळ कशाला, त्यात कोणी न्हात नाही. तिचे म्हणणे खोटे नाही. पण हिंदी भाषेच्या गावात राहणाऱ्या मराठी घराचा एक निराळा हिशेब असतो. बाजारात, शाळेत, कचेरीत हिंदी. मराठी उरते ती उंबऱ्याच्या आत. तेथे घंगाळ, फडताळ, घडवंची, उतरंड हे शब्द कोणत्याही पुस्तकाने जपलेले नाहीत. ते त्या वस्तूंनी धरून ठेवलेले आहेत. घडवंची भंगारात गेली की पुढच्या पिढीतील मुलाला तो शब्द उच्चारण्याचे कारणच उरत नाही. काचेचे हंस गेले तर एकही शब्द जात नाही. टाकण्याची निवड करताना ही परीक्षा मला फार उपयोगी वाटते.

याचा अर्थ सारी अडगळ भाषेच्या नावाखाली सांभाळावी, असा नव्हे. सहा घंगाळांची गरज नाही, एक पुरते, आणि ते ओसरीवर तुळशीशेजारी पाणी भरून ठेवले तर उन्हाळ्यात पाखरेही येतात. उरलेली पितळ आप्तांत वाटावी. मात्र आजीच्या देखत, आणि तिने आपल्या हाताने. तिची लोखंडी पेटी माळ्यावर टाकू नये. तिला खोलीतील सर्वांत चांगली भिंत द्यावी, वर घडी घातलेली एखादी गोधडी ठेवावी, आणि किल्ली आजीच्या कमरेलाच राहू द्यावी.